सांगलीत राहून पुढचा सिनेमा कसा करायचा? सोनं मोडू का?

मिरजेची_एडिटर

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसती वाचत असते, लिहायला आज पहिल्यांदा बसलेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी मिरजेत राहते, वय ३६. दोन मुलं, धाकटा तिसरीत. घराच्या वरच्या खोलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, बारा वर्षं झाली. सांगली, तासगाव, जयसिंगपूर इकडचे फोटोग्राफर कार्डं आणून देतात, मी मोठी फिल्म आणि पाच मिनिटांची हायलाइट करून देते. सीझनला रात्र रात्र जागायचं आणि आषाढ लागला की माशा मारायच्या. लोकांच्या हळदी इतक्या बघितल्यात की कुठली करवली कधी रडणार हे मला फुटेज पुढं न ढकलताही कळतं.

तर या हळदीवरूनच खूळ शिरलं. मागच्या दिवाळीनंतर हरिपुरात १९ मिनिटांची एक फिल्म केली. विषय हळदीचं पेव. बाहेरगावच्यांसाठी सांगते, हरिपूरच्या जमिनीत खोल पेवं काढून त्यात हळद साठवायची पद्धत होती. वर तोंड लहान, आत पोट मोठं. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी शिरलं आणि पुष्कळ पेवं गेली. माझ्या फिल्ममधल्या म्हातारीचा नवरा पेवं भरायच्या कामावर होता. तो गेला, पूर येऊन गेला, आणि आता ती रोज म्हणते की परसातलं पेव उघडा, आत माल आहे. सगळे म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय. शेवटी एका दुपारी ती एकटीच तोंडावरची फरशी सरकवते आणि दोरीला कंदील बांधून आत सोडते. आत काय आहे ते मी दाखवलेलं नाही. कंदील विझतो की नाही, एवढंच.

म्हातारीचं काम केलेल्या काकू ६७ वर्षांच्या. हौशी राज्य नाट्य स्पर्धेत सांगली केंद्रावर वर्षानुवर्षं काम केलेल्या, पण कॅमेरा पहिल्यांदा बघितला. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तो कानाजवळ आणायला चार रविवार गेले. एकूण ७१ हजार खर्च आला, माझेच. त्यात सगळ्यात जास्त कोल्हापूरहून आलेल्या साउंडवाल्याचे.

पुण्यात एका छोट्या महोत्सवात दाखवली. चाळीसेक माणसं असतील. एकजण म्हणाला, लोकेशन छान आहे. एक बाई काहीच न बोलता माझा हात धरून उभी राहिली आणि निघून गेली. तेव्हापासून मला झोप नाही.

आता खरं विचारायचं ते. आमच्याकडच्या एका उद्योजकांनी निरोप पाठवलाय की पूर्ण लांबीचा सिनेमा करा, पंधरा लाख देतो. अटी तीन. पुतण्या हिरो, दोन गाणी, आणि गोष्टीत ‘थोडा विनोद’. मी नाही म्हणायच्या बेतात होते, तर सासूबाई म्हणाल्या, “दुसऱ्याचं मिंधं कशाला व्हायचं? माझ्या पाटल्या आणि तुझं गंठण मोड, तुझा तू कर.” सासू नको म्हणाली असती तर भांडून केला असता. हो म्हणाली म्हणून भीती वाटायलीय.

दिग्दर्शिका म्हणून पोट भरतं का हो? लहान सिनेमे करणाऱ्या बाईचं म्हटलं की सगळे सुमित्रा भावे यांचं नाव घेतात. पण दोन सिनेमांच्या मधे त्यांचं घर कशावर चालायचं, हे कुणी सांगत नाही. मला तेवढंच कळून घ्यायचंय.

---

रोखठोक_सांगलीकर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हल्ली शॉर्टफिल्मचं पेव फुटलंय. हातात मोबाईल आहे तो दिग्दर्शक. सोनं बिलकुल मोडू नका. सिनेमा तयार झाला तरी थिएटर मिळवायला, पोस्टर लावायला पुन्हा तेवढेच लागतात, आणि सांगलीत शुक्रवारी दुपारी साडेबाराचा एक शो मिळतो. त्याला तुमचे नातेवाईकच येणार.

आणि करायचाच असेल तर रडगाणं कशाला? आसामच्या त्या रीमा दासनं एकटीनं केला. कॅमेरा तिचाच, एडिटिंग तिचंच, पैसे तिचेच. ऑस्करला भारताकडून गेला. जिद्द पाहिजे.

---

मिरजेची_एडिटर

दादा, माझी फिल्मच पेवावर आहे, त्यामुळं पेव फुटलं हे मी कौतुक समजते :) साडेबाराच्या शोचं मात्र पटलं.

---

पोवई_नाका

अगं, तुला अरेतुरेनं बोलते, साठी उलटलीय माझी. मी साताऱ्याची. ८७ ते ९९ पुण्यात होते. तीन सिनेमे आणि एका मालिकेला कंटिन्युइटी बघितली. म्हणजे हिरोच्या शर्टाचं वरचं बटण मागच्या शॉटला उघडं होतं की लावलेलं, हे वहीत लिहिणारी बाई. मग आईचं दुखणं निघालं आणि परत आले. त्यातल्या एका निर्मात्यानं शेवटच्या वीस दिवसांचे पैसे अजून दिलेले नाहीत. आता तो देवाघरी गेला, म्हणजे हिशोब मिटला.

तू विचारलेला प्रश्न बरोबर आहे आणि तो कुणी विचारत नाही. कुणाही दिग्दर्शिकेचं नाव निघालं की लोक सिनेमांची यादी वाचतात. तू यादी वाचू नकोस. मी कंटिन्युइटीवाली, दोन शॉटच्या मधे काय झालं ते बघायची सवय आहे मला, म्हणून सांगते. यादीतल्या मोकळ्या जागा बघ.

सुमित्राबाईंचा जन्म १९४३ चा. पहिली फिल्म ‘बाई’, १९८५ ची. म्हणजे वय ४२. तू ३६ ची आहेस, उशिराची भाषा तुझ्या तोंडी नको. त्याआधी त्या सिनेमात नव्हत्याच. समाजकार्य शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या. पुण्याच्या झोपडपट्टीतल्या बायकांवर संशोधन चाललं होतं. अहवाल लिहिला तर तो ज्यांच्यावर आहे त्या बायकांना वाचता येणार नाही, मग हे त्यांच्यापर्यंत परत कसं न्यायचं, या विचारातून फिल्म आली. त्या फिल्म इन्स्टिट्यूटला शिकलेल्या नव्हत्या. सोबत सुनील सुकथनकर आले, ते तिथं शिकले. ‘बाई’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी ‘पाणी’ आली. आणि पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा ‘दोघी’ कधी? १९९५ ला. राष्ट्रीय पुरस्कार मिळवूनही मधे दहा वर्षं.

त्या दहा वर्षांत काय केलं? लहान फिल्मा. आणि पुढंही थांबवल्या नाहीत. आरोग्य, शिक्षण, बायकांचे प्रश्न, असल्या विषयांवर जोडीनं पन्नासच्या वर लघुपट केले. पूर्ण लांबीचे चौदा-पंधरा. हा आकडा नीट बघ. आपल्याला चौदा-पंधरा तेवढे ठाऊक असतात. पण हात चालता राहिला तो पन्नासांनी. युनिट एकत्र राहिलं, नवी माणसं शिकली, आणि कॅमेरामनला फोन करायला दरवेळी नवं निमित्त शोधावं लागलं नाही. घरातलं किराणा सामान कशातून आलं हे मी तुला सांगू शकत नाही, मी काही त्यांची वहीखाती बघितली नाहीत. पण धंद्याच्या माणसाला एवढं दिसतं की मोठा सिनेमा हे त्यांचं कधीतरी येणारं पीक होतं आणि लघुपट ही रोजची भाजी.

‘बाई’ मी कुठं बघितली ते सांगते. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात, महिला मंडळाच्या बैठकीत, व्हिडिओ कॅसेटवर. वीज नव्हती, टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावलेला. अर्ध्यात बॅटरी उतरली आणि चित्र बारीक होत होत मिटलं. एकही बाई उठली नाही. पुढं काय झालं असेल यावर जी बोलणी सुरू झाली ती दिवेलागण होईतो चालली. एकीनं स्वतःचंच सांगितलं, गोष्टीतल्या बाईच्या नावावर. तिथं मला पहिल्यांदा कळलं की प्रेक्षक म्हणजे तिकीट काढलेला माणूस असं काही नाही. तुझा हात धरून गेलेली बाई त्यातलीच.

आता पैशाचं. ‘अस्तु’ बघितलाय ना? २०१३ च्या सिनेमांच्या राष्ट्रीय पुरस्कारांत अमृता सुभाषला सहाय्यक अभिनेत्रीचा आणि सुमित्राबाईंना संवादांचा पुरस्कार. थिएटरात आला २०१६ ला. पुरस्कार हातात असून दोन वर्षं डबा बंद. ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट सिनेमाचं सुवर्णकमळ जाहीर झालं २०१७ मधे, वय ७४. त्यात मोहन आगाशे नुसते नट नव्हते, निर्मातेही होते. म्हणजे काम आवडलेला माणूस पैशासकट शेजारी येऊन उभा राहिला. पण तो पहिल्या सिनेमाला नाही आला, कळलं का? आणि ‘दिठी’ लोकांना घरी बसून बघायला मिळाला मे २०२१ मधे. त्या १९ एप्रिलला गेल्या होत्या.

हे सांगून तुला घाबरवायचं नाही. दरवेळी नव्यानं हात पसरावा लागला असणार, तरी काम थांबलं नाही, एवढं दाखवायचं होतं. अजून एक. पटकथा त्यांची, कपडे त्यांनी बघायचे, कलादिग्दर्शनही बरंचसं त्यांचंच. लोक त्याला प्रतिभा म्हणतात, ती होतीच. पण ज्यानं कधी प्रॉडक्शनचा हिशोब लिहिलाय त्याला दिसेल की एका माणसानं तीन खाती सांभाळली तर तीन मानधनं वाचतात.

रोखठोकराव, रीमा दासचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण अर्धं आहे. ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ तिनं गुवाहाटीजवळच्या छायगाव भागात, आपल्याच गावात केला. कॅमेरा, एडिटिंग, निर्मिती तिची. २०१७ च्या सिनेमांत सुवर्णकमळ, आसामी सिनेमाला जवळजवळ तीस वर्षांनी. सगळं कबूल. पण त्याआधी तिनं एक पूर्ण लांबीचा सिनेमा करून हात पोळून घेतलेले होते. सोबत चुलत बहीण मदतीला होती. आणि मुख्य म्हणजे वर्षानुवर्षं ती तिथं शूट करत राहिली. पोरं मोठी होईपर्यंत, ऋतू बदलेपर्यंत. तिला वेळ होता, आणि तो वेळ तिनं घरच्या भाकरीवर काढला. ‘एकटीनं केलं’ असं म्हटलं की पोरींना वाटतं जिद्द कमी पडली म्हणून आपलं होत नाही. जिद्दीचं दळण दळून पीठ पडत नाही हो. जात्यात दाणे लागतात.

परदेशातही असंच. फ्रान्सची आन्येस वार्दा, पहिला सिनेमा १९५५ चा, पुढचा मोठा १९६२ चा. मधे तिथल्या पर्यटन खात्यासाठी राजवाड्यांवर, समुद्रकिनाऱ्यांवर लघुपट केले. सांगून घेतलेलं काम, तेही तिनं असं केलं की आज लोक ते शोधून बघतात. अमेरिकेची केली रायकार्ट, पहिला १९९४ ला आणि पुढचा पूर्ण लांबीचा २००६ ला. बारा वर्षं. कॉलेजात शिकवते. आणि हे तुझ्यासाठी, आपले सिनेमे ती स्वतः एडिट करते. रीमा दासही करते. तू बारा वर्षं रोज एडिटिंग करतेयस आणि स्वतःला ‘लग्नाचे व्हिडिओ करणारी’ म्हणतेस. बाहेर एडिटरला किती द्यावे लागतात ते विचारून ये एकदा.

आता पुतण्याचं. पुतण्या वाईट नसतो गं, पुतण्यामागचा काका वाईट असतो. ‘थोडा विनोद’ शूटिंगच्या चौथ्या दिवशी ‘अजून थोडा’ होतो. पंधरा लाखांत पंचवीस-तीस दिवसांचं शूट, नंतरचा साउंड, कलर, सेन्सॉर, सगळं बसवायचं म्हणजे पहिली काटछाट तुझ्या मानधनावर. काहीही सही करायच्या आधी तीन गोष्टी लिहून घे. शेवटचं एडिट कुणाचं, पैसे कुठल्या टप्प्याला, आणि काम अर्धवट राहिलं तर फुटेज कुणाचं. तोंडी कबुलीवर जाऊ नकोस. मी गेले होते.

सोनं? सिनेमासाठी मोडू नकोस. सरकारी अनुदान मिळेल या आशेवर तर मुळीच नाही. आपल्याकडचं अनुदान सिनेमा पुरा झाल्यावर, सेन्सॉर झाल्यावर, परीक्षण होऊन मिळतं. आधी खड्डा तूच खणायचा. केरळनं २०१९ मधे खास स्त्री दिग्दर्शकांसाठी योजना काढली, एका सिनेमाला दीड कोटीपर्यंत, त्यातून ‘निषिद्धो’सारखे सिनेमे झाले. आपल्याकडं तसं काही झालं तर मी स्वतः मिरजेला येऊन तुझा अर्ज भरीन.

पण सासूबाईंना नमस्कार सांग. आणि त्यांनी दिलंच तर ते सिनेमात घालू नकोस, वेळात घाल. एक अख्खा सीझन लग्नं न घेता लिहायला बसायचं, त्याची किंमत काय? तेवढंच मोजून बाजूला ठेव. बाकीचं कपाटात.

फार लिहिलं. कुकर लावायचाय.

---

जनरेटर_वाला_वाई

ताईंनी लई भारी लिवलंय. आपण वाईला जनरेटर व्हॅनवर असतो, चौदा वर्सं झाली. मेणवलीचा घाट, धोमकडची वस्ती, सगळीकडं. मोठी मोठी युनिटं येत्यात. शंभर-दीडशे माणूस, आमच्याकडच्या बाया गर्दीत उभ्या ऱ्हायला जात्यात, दिवसाची हजेरी आन जेवण. चौदा वर्सांत मॉनिटरम्हागं बसलेल्या बाया म्या तीनच बघितल्या. त्यातल्या एकीनं पहिल्या दिवशी व्हॅनमदी येऊन इचारलं, याचा आवाज किती लांबपतूर जातो? मी म्हनलं असं कुनी इचारत नाय. त्या बाईच्या शूटिंगला कदी रिटेक आवाजानं झाला नाय.

मला तेवढंच सांगायचंय. कॅमेरा आता मोबाईल बी चालतो. आवाज चालत नाय. आन सांगलीकडं तर ऊसतोडीच्या हंगामात शूटिंग लावूच नका. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर डेक, दोन किलोमीटर लांबनं गानं ऐकू येतं. एकदा हाळदीच्या वावरात म्हातारीचा रडायचा सीन चालला व्हता आन म्हागं डीजे. सगळं युनिट हसाय लागलं, म्हातारी बी.

---

मिरजेची_एडिटर

जनरेटर दादा, तुम्ही माझ्याच सेटवर होतात का? माझ्या १९ मिनिटांत एके ठिकाणी ट्रॅक्टर आहे. दिवाळीनंतर म्हणजे नेमका गळीत हंगाम. कंदील खाली जातोय, पूर्ण शांतता हवी आणि लांबून ढिंग ढिंग. साउंडवाल्यानं खूप पुसला तरी राहिलाच. शेवटी मी तो तसाच ठेवला, थोडा वाढवलासुद्धा. जग आपल्या नादात चाललंय आणि ही कंदील सोडतेय. पुण्यात एका समीक्षकांनी त्या ‘विरोधी ध्वनियोजने’चं कौतुक केलं. मी मान हलवली.

पोवई नाका ताई, तुमचं लिहिलेलं तीन वेळा वाचलं, एकदा सासूबाईंना वाचून दाखवलं. ‘वेळात घाल’ यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “या बाईला कुणीतरी पाटल्या द्यायला पाहिजे होत्या.”

कपाटातलं कपाटातच राहिलं. उद्योजकांना निरोप दिला की हिरो नसलेली गोष्ट असेल तर बोलू. त्यांचा फोन आलेला नाही आणि येईलसं वाटत नाही.

मधल्या भाजीचं मात्र मनावर घेतलं. काल माझ्याकडं कार्डं देणाऱ्या एका फोटोग्राफरशी बोलता बोलता कळलं की जत-आटपाडीकडच्या बचत गटांसाठी काम करणारी एक संस्था दहा-दहा मिनिटांच्या माहितीच्या फिल्म करून घ्यायच्या म्हणतेय. हिशोबाची वही कशी ठेवायची, शेळीचा विमा कसा काढायचा वगैरे. पैसे लग्नापेक्षा कमी आहेत. सहा फिल्मा. आधी मी हसले होते. आता विचार करतेय की शेळीच्या विम्यात पात्रं कोण कोण असतील.

पण एक शंका आहे, ताई. असल्या कामात माणूस अडकून पडत नाही का? तुम्ही स्वतः असल्या फिल्मा केल्यात का, आणि केल्या असल्या तर मोठा का नाही केला? आगाऊपणा वाटला तर उत्तर देऊ नका.

---

पोवई_नाका

आगाऊपणा आहेच, पण विचारलास ते बरं झालं.

केल्या. साताऱ्याला परत आल्यावर आठ वर्षांत अकरा केल्या. जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, सातबाऱ्यावर बायकोचं नाव कसं लावायचं. सातबाऱ्याची अजून कुठंकुठं दाखवतात असं ऐकते. त्यातली मुख्य बाई म्हणजे आमच्या गल्लीतली दूधवाली, एका टेकमधे सगळं बोलली. तलाठ्यासमोर खुर्चीवर बसायचं की उभं राहायचं, यावर ती क्षणभर अडते. ते मी सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच केलं. माझ्या तिन्ही सिनेमांत मिळून तसा शॉट नाही.

मोठा का नाही केला, तर अकराव्या फिल्मनंतर आई गेली, आणि मला वाटलं आता मोकळी झाले, आता लिहीन. आणि मोकळी झाल्यावर लिहिलंच नाही. दोन वर्षं बसले. एकवीस पानं झाली. जी माझ्याबरोबर काम करायची ती पोरं तोवर पांगली होती. कॅमेरावाला दुबईला, लाइटवाल्यानं मंडपाचं दुकान काढलेलं. त्यांना पुन्हा गोळा करायचा मला कंटाळा आला. कंटाळाच, दुसरं काही नाही. म्हणून सुनील सुकथनकरांचं नाव वर घेतलं. ‘बाई’पासून ‘दिठी’पर्यंत पस्तीस वर्षं एक माणूस शेजारी. त्याला नवीन काही समजावून सांगावं लागत नाही, भांडण कालच्याच जागेवरून पुढं सुरू करता येतं. हे मला जमवता आलं नाही. तुझ्याकडं कोण आहे? नवरा नको सांगूस, कामातलं माणूस सांग.

शेळीच्या विम्यात अडकशील की नाही हे मला कसं सांगता येईल? पण सहाही फिल्मांना एकच साउंडवाला घे. कोल्हापूरचाच. पैसे कमी पडले तर कॅमेऱ्यात काटकसर कर.

---

रोखठोक_सांगलीकर

ताई, रीमा दासचं मागे घेतो. दळणाचं पटलं.

मिरजेच्या ताई, तुमची ती पेवाची फिल्म बघायची कशी? आमच्या आज्याची दोन पेवं होती हरिपुरात. २००५ ला गेली. उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, हे आजा शंभरदा सांगायचा. तुम्ही बरोबर दाखवलंय का ते बघायचंय.

---

मिरजेची_एडिटर

दादा, तुमचा आजा होता तर तुम्ही माझे खरे समीक्षक. रविवारी संध्याकाळी हरिपुरात संगमेश्वराच्या देवळाजवळ काकूंच्या अंगणात दाखवतेय, पडदा म्हणजे सासूबाईंची पांढरी चादर. गावातल्या म्हाताऱ्यांनाच बोलावलंय. ज्यांनी पेवं भरलीत त्यांतले सहाजण अजून आहेत, सगळे येतो म्हणालेत. तुम्हीही या.

ताई, कामातलं माणूस म्हणून खूप विचार केला. नवरा नाही, फोटोग्राफर नाही. काकू आहेत. ६७ वर्षांच्या. शेळीच्या विम्याला तयार आहेत, फक्त शेळी स्वतःच्या ओळखीची पाहिजे म्हणतात.

साताऱ्याहून संध्याकाळपर्यंत पोचता येईल. येताय का?

---

पोवई_नाका

वही घेऊन येते. अंधार पडल्याशिवाय सुरू करू नकोस, आणि त्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या कधी जातात ते आधी विचारून ठेव.